सर्व्हेचा नकाशा ब्लेंडरमध्ये आणल्यावर मॉडेल थरथरतं, चमकतं, गायब होतं: नेमकं काय करायचं

सर्व्हेअरकडून आलेली डीएक्सएफ फाइल (कॅड ड्रॉइंगची फाइल) किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून काढलेले इमारतींचे आराखडे ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केले की स्क्रीन रिकामी. होम दाबलं की कुठेतरी एक ठिपका दिसतो. त्याच्यावर झूम करत गेलात की मध्येच तो नाहीसा होतो. क्लिप एंड, म्हणजे किती लांबपर्यंत दिसेल ती मर्यादा, वाढवल्यावर परत दिसतो, पण व्ह्यू फिरवला की मॉडेल स्क्रीनबाहेर उडतं. कसंबसं जवळ पोहोचलात तर भिंती थरथरतात, गच्चीचे पृष्ठभाग चमचमतात आणि खिडक्यांच्या चौकटी वाकड्या दिसतात.

हा प्रश्न आर्किटेक्चरचे विद्यार्थी, साइटचं मॉडेल बनवणारे आणि थ्री-जेएस या ब्राउझरमधल्या थ्री-डी लायब्ररीत नकाशा दाखवू पाहणारे सगळेच विचारतात. उत्तरंही ठरलेली असतात: ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा, नवं कार्ड घ्या, क्लिप एंड वाढवा. पहिल्या दोन उत्तरांनी काहीच होत नाही. तिसऱ्याने मॉडेल दिसायला लागतं, आणि घोळ तिथेच होतो. दिसायला लागलं म्हणजे सुटलं असं समजून लोक आठवडाभर त्या फाइलवर काम करतात, आणि मग भिंतींची मापं जुळत नाहीत.

थरथर, चमचम आणि गायब होणं ही तीन वेगळी दुखणी आहेत, पण सर्व्हेच्या फाइलमध्ये तिन्हींचं मूळ बहुधा एकच असतं: मॉडेल मूळ बिंदूपासून (०, ०, ० पासून) दोन हजार किलोमीटर लांब बसलेलं आहे. ते आधी सोडवायचं. क्लिपची सेटिंग्ज त्यानंतर.

आधी एक तपासणी

ऑब्जेक्ट निवडा, एडिट मोडमध्ये जा, कुठलाही एक व्हर्टेक्स, म्हणजे कोपऱ्याचा बिंदू, निवडा आणि एन दाबून बाजूची पट्टी उघडा. वर ग्लोबल निवडा आणि एक्स, वाय हे आकडे वाचा. दशांशचिन्हाच्या आधी सहा-सात अंक असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शंभर-दोनशेच्या घरातले आकडे असतील तर थेट खालच्या चमचमीच्या भागाकडे जा.

ऑब्जेक्ट मोडमधला लोकेशनचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. बरेच इम्पोर्टर ऑब्जेक्टचा ओरिजिन शून्यावर ठेवतात आणि व्हर्टेक्सच लांब टाकतात. लोकेशन ०, ०, ० दिसतं आणि प्रत्यक्ष भूमिती दोन हजार किलोमीटरवर असते. म्हणून व्हर्टेक्सचाच आकडा बघायचा.

हे अंक येतात कुठून

सर्व्हेच्या बहुतेक फाइली यूटीएम पद्धतीत असतात, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये मोजण्याच्या पद्धतीत. महाराष्ट्राचा मोठा भाग आणि गोवा यूटीएमच्या ४३ उत्तर या झोनमध्ये येतात. निर्देशांक प्रणालींच्या यादीतला त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. तिथे उत्तर दिशेचा आकडा विषुववृत्तापासून मीटरमध्ये मोजला जातो. त्यामुळे पुण्याच्या मध्यभागी पूर्वेचा आकडा साधारण ३,७८,००० आणि उत्तरेचा साधारण २०,४८,००० मीटर येतो. ऑटोकॅड आणि क्यूजीआयएस हे आकडे ६४ बिटांत ठेवतात, तिथे काहीच बिघडत नाही. ब्लेंडर मात्र मेशचे (मॉडेलच्या जाळीचे) व्हर्टेक्स ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे साठवायच्या ठरावीक साच्यात, ठेवतो. ग्राफिक्स कार्डाकडेही ते तसेच जातात.

३२ बिटांच्या फ्लोटमध्ये आकड्याच्या अचूकतेसाठी फक्त २४ बिट असतात, म्हणजे साधारण सात दशमान अंक. दशांशचिन्हाच्या आधीच सात अंक खर्च झाले तर नंतरच्यांना जागा उरत नाही. आकडा जितका मोठा तितका दोन शेजारच्या फ्लोटमधला फरक, म्हणजे पायरी, मोठी. आलेख कागदावरच रेघ मारता येते, आणि घरापासून लांब गेलं की कागदाचे चौकोन मोठे होत जातात, असं काहीसं. पुण्याच्या आकड्यांना हे लावून पाहा. ३,७८,००० हा आकडा २,६२,१४४ आणि ५,२४,२८८ यांच्या मध्ये आहे, तिथे पायरी ३.१ सेंटीमीटरची. २०,४८,००० हा १०,४८,५७६ आणि २०,९७,१५२ यांच्या मध्ये आहे, तिथे पायरी १२.५ सेंटीमीटरची. म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेत व्हर्टेक्स ३ सेंटीमीटरच्या आणि उत्तर-दक्षिण दिशेत साडेबारा सेंटीमीटरच्या रेघांवरच बसू शकतो. मधे कुठेच नाही.

साडेचार इंची भिंत घ्या, साधारण ११.४ सेंटीमीटर जाडीची, पूर्व-पश्चिम धावणारी. तिच्या दोन्ही कडा जवळच्या रेघेवर सरकतात. दहापैकी नऊ भिंती साडेबारा सेंटीमीटरच्या होतात आणि उरलेल्या एकीच्या दोन्ही कडा एकाच रेघेवर येऊन जाडी शून्य होते. पाच सेंटीमीटरची खिडकीची चौकट असेल तर निम्म्याहून जास्त चौकटी नाहीशा होतात आणि बाकीच्या अडीचपट जाड होतात. मॉडेल वाकडंतिकडं दिसतं ते यामुळे. उंचीचे आकडे मात्र लहान असतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, तिथे पायरी मिलिमीटरच्याही दहाव्या भागाहून कमी. म्हणून मजल्यांच्या उंच्या अगदी नीट, प्लॅन वाकडा, आणि तोही उत्तर-दक्षिण दिशेत जास्त वाकडा, असं दिसलं तर निदान जवळपास पक्कं.

मुंबईकरांसाठी वर दिलेला २०,९७,१५२ हा आकडा महत्त्वाचा आहे. तो ओलांडला की पायरी दुप्पट होते, २५ सेंटीमीटर. ही रेघ दक्षिण मुंबईतूनच जाते, सीएसएमटी आणि भायखळ्याच्या मधून. फोर्टमधल्या इमारतीचं मॉडेल जितकं बिघडेल, त्याच्या दुप्पट दादरच्या इमारतीचं बिघडतं. ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर सगळे रेघेच्या वर. पुणे, सोलापूर, कोल्हापूर आणि गोवा खाली. नागपूर, वर्धा, चंद्रपूर हे भाग झोन ४४ मध्ये जातात. तिथेही उत्तरेची पायरी २५ सेंटीमीटरचीच, पण वेगळीच भानगड होऊ शकते: एक फाइल झोन ४३ मध्ये आणि दुसरी ४४ मध्ये आली, तर नागपूरची तीच इमारत दोन्ही फाइलींत सहाशे किलोमीटरहून जास्त अंतरावर पडते. रस्ते दिसतात आणि इमारती दिसत नाहीत, तेव्हा हे आधी तपासा.

मग थरथर का? व्हर्टेक्स तर एकदा सरकून तिथेच बसला. थरथरतो तो कॅमेऱ्याचा हिशेब. प्रत्येक फ्रेमला व्हर्टेक्सच्या जागेतून कॅमेऱ्याची जागा वजा केली जाते. दोन्ही आकडे वीस लाखांच्या घरातले, फरक पाच-दहा मीटरचा. कॅमेरा हळूच हलला की त्याच्याही आकड्याला साडेबारा सेंटीमीटरच्या उड्या माराव्या लागतात आणि सगळं दृश्य त्या उडीबरोबर हलतं. कॅमेरा स्थिर ठेवला की थरथर थांबते. ड्रायव्हरचा यात काही संबंध नाही, हेही यावरून कळतं.

जे उपाय उपाय नाहीत

मिलिमीटरमध्ये इम्पोर्ट करा म्हणजे अचूकता वाढेल, असं बरेच जण सांगतात. वाढत नाही. पुण्याचा उत्तरेचा आकडा मिलिमीटरमध्ये दोनशे कोटींच्या वर जातो आणि तिथे पायरी १२८ मिलिमीटरची होते. म्हणजे तेच. फ्लोटची अचूकता आकड्याच्या प्रमाणात असते. म्हणून एकक बदलून किंवा सगळं मॉडेल हजारपट लहान करून काही हाती लागत नाही. मॉडेल लहान होतं तशी पायरीही लहान होते, दोघांचं गुणोत्तर तेच राहतं.

दुसरा सल्ला जास्त धोक्याचा, कारण तो अर्धा बरोबर आहे: ब्लेंडरमध्ये सगळं निवडा आणि मूळ बिंदूवर हलवा. असं केलं की थरथर लगेच थांबते, माणूस खूश होतो. पण इम्पोर्टच्या क्षणी गेलेले अंक परत येत नाहीत. भिंती साडेबारा सेंटीमीटरच्या रेघांवरच राहतात, फक्त आता त्या रेघा मूळ बिंदूजवळ आलेल्या असतात. एक अपवाद आहे. प्रत्येक इमारत वेगळा ऑब्जेक्ट असेल, त्याचा ओरिजिन इमारतीजवळच असेल आणि लोकल निर्देशांक लहान असतील, तर इमारतीचा आकार शाबूत राहतो आणि फक्त तिची जागा काही सेंटीमीटर चुकते. साइटच्या दृश्यासाठी तेवढं चालून जातं. ग्लोबलऐवजी लोकल निवडून एका व्हर्टेक्सचे आकडे पाहिले की आपण कोणत्या स्थितीत आहोत ते समजतं.

खरा उपाय: इम्पोर्टच्या आधी सरकवणं

६४ बिट जिथे आहेत तिथेच, म्हणजे ऑटोकॅड, क्यूजीआयएस किंवा आपल्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये, ठरावीक आकडा वजा करायचा आणि मगच फाइल ब्लेंडरमध्ये आणायची.

कोणता आकडा? मॉडेलचा नेमका मध्यबिंदू काढून तो वजा करायचा मोह होतो. करू नका. उद्या कंटूरची फाइल येईल, परवा रस्त्यांची, नंतर ड्रोनचा पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या असंख्य बिंदूंची फाइल. प्रत्येकाचा मध्यबिंदू वेगळा, आणि मग काहीच एकमेकांवर बसत नाही. पूर्ण किलोमीटरचा आकडा घ्या, उदाहरणार्थ ३,७८,००० आणि २०,४८,०००. तोच त्या प्रकल्पाच्या प्रत्येक फाइलला वापरा आणि फाइलच्या नावातच लिहून ठेवा. ब्लेंडरच्या टेक्स्ट एडिटरमध्येही एक ओळ टाका. दोन वर्षांनी फाइल उघडणारा माणूस तुमचे आभार मानेल, आणि तो बहुधा तुम्हीच असाल.

ऑटोकॅडमध्ये मूव्ह कमांड द्या, बेस पॉइंट म्हणून तो आकडा टाका आणि दुसरा बिंदू ०,० द्या. इथे लोक हमखास अडकतात. डायनॅमिक इनपुट चालू असेल तर दुसरा बिंदू आधीच्या बिंदूपासून मोजला जातो, म्हणजे ०,० टाकलं की काहीच हलत नाही. आकड्याच्या आधी हॅशचं चिन्ह लावा, मग तो निरपेक्ष धरला जातो. त्याआधी सगळे लेयर चालू, अनफ्रीझ आणि अनलॉक करून घ्या, नाहीतर झाडांचा लेयर दोन हजार किलोमीटर मागेच राहतो. उंचीचा आकडा हलवू नका, तो लहानच आहे आणि पुढे कंटूर जुळवताना लागतो.

या पायरीवर आणखी एक जुनं दुखणं निघतं. बऱ्याच ड्रॉइंगमध्ये उत्तर दिशेचा बाण, टायटल ब्लॉक किंवा एखादी विसरलेली टेक्स्टची ओळ ०,० वर पडलेली असते. साइट यूटीएमवर, बाण शून्यावर, म्हणजे ड्रॉइंगचा व्याप सुमारे २,०८० किलोमीटरचा. होम दाबल्यावर साइट ठिपक्याएवढी दिसते ती या बाणामुळे. सरकवून झाल्यावर ऑटोकॅडमध्ये झूम एक्स्टेंट्स द्या. साइट पूर्ण स्क्रीनभर आली नाही तर काहीतरी कुठेतरी लांब पडलं आहे. ते शोधून उडवा.

क्यूजीआयएसमध्ये प्रोसेसिंग टूलबॉक्सात ट्रान्सलेट हे साधन आहे. एक्समध्ये उणे ३,७८,००० आणि वायमध्ये उणे २०,४८,००० द्यायचं. मला मात्र दुसरी पद्धत जास्त आवडते: झोन ४३ चीच व्याख्या घेऊन स्वतःची निर्देशांक प्रणाली बनवायची, त्यात फॉल्स ईस्टिंग (पूर्वेच्या आकड्यात मिळवायचा ठरावीक आकडा) ५,००,००० ऐवजी १,२२,००० आणि फॉल्स नॉर्दिंग (उत्तरेचा तसाच आकडा) ० ऐवजी उणे २०,४८,००० ठेवायचं. मग कुठलाही लेयर त्या प्रणालीत एक्स्पोर्ट केला की तो आपोआप सरकून येतो, आणि परत मूळ प्रणालीत नेणंही एका एक्स्पोर्टचं काम. झोन ४४ मधून आलेली फाइलसुद्धा योग्य जागी बसते, कारण हे नुसतं सरकवणं नसून खरं रूपांतर आहे. ब्लेंडरजीआयएस हे अ‍ॅड-ऑन वापरत असाल तर ते सीनचा एक मूळ बिंदू ठरवून बाकीचं त्याच्या सापेक्ष आणतं. तिथे फक्त पहिल्या इम्पोर्टच्या वेळी सीनची निर्देशांक प्रणाली बरोबर निवडली आहे ना, हे बघा.

पॉइंट क्लाउडसाठी क्लाउडकंपेअर वापरत असाल तर फाइल उघडतानाच ते विचारतं की आकडे फार मोठे आहेत, ग्लोबल शिफ्ट लावू का. हो म्हणा, पण त्याने सुचवलेला आकडा न घेता आपला ठरलेला आकडा टाका, उणे चिन्हासह. खाली ग्लोबल शिफ्ट जतन करताना परत लावण्याचा एक चौकोन असतो, तो काढून टाका. नाहीतर जतन करताना सॉफ्टवेअर इमानदारीने मोठे आकडे परत घालतं आणि ब्लेंडरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

थ्री-जेएसवाल्यांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ६४ बिटांचाच असतो, अंक जातात ते फ्लोट३२ॲरेमध्ये टाकताना. म्हणून वजाबाकी त्या ओळीच्या आधी करायची. मेश बनवून झाल्यावर पोझिशन बदलणं म्हणजे वर सांगितलेला अर्धवट उपाय. संपूर्ण पृथ्वी दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं की भूपृष्ठावर आकडे ६३ लाख मीटरपर्यंत जातात आणि तिथे पायरी अर्ध्या मीटरची. सीझियमजेएस ही पृथ्वी दाखवणारी लायब्ररी यासाठी प्रत्येक निर्देशांकाचे दोन फ्लोट करतं, एक मोठ्या भागाचा आणि एक उरलेल्या बारीक भागाचा, आणि कॅमेऱ्याच्या सापेक्ष वजाबाकी कार्डावर करतं. एका साइटसाठी एवढा खटाटोप नको. गेम इंजिनांपैकी अनरियल ५.० पासून जगाचे निर्देशांक ६४ बिटांत ठेवतं, आणि युनिटी एका लाखाच्या पुढे गेलात की इन्स्पेक्टरमध्ये इशारा देतं. तरी नुसत्या या कारणासाठी इंजिन बदलू नका, वजाबाकी स्वस्त पडते.

सरकवल्यावरही चमचमतंय

हा दुसरा आजार. आता मॉडेल थरथरत नाही, भिंती सरळ आहेत, पण रस्ता आणि जमीन एकमेकांतून आरपार चमकतात, व्ह्यू फिरवला की काळे-पांढरे पट्टे धावतात. याला झेड-फायटिंग म्हणतात आणि तो डेप्थ बफरचा प्रश्न आहे.

डेप्थ बफर ही कल्पना एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली: प्रत्येक पिक्सेलसाठी आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत जवळच्या पृष्ठभागाचं अंतर साठवायचं आणि नवा पृष्ठभाग त्याहून जवळ असेल तरच रंगवायचा. तेव्हा यासाठी लागणारी मेमरी चैनीची गोष्ट होती, आज फोनमध्येही तेच चालतं. अडचण साठवण्याच्या पद्धतीत आहे. पर्स्पेक्टिव्हमध्ये अंतर सरळ साठवलं जात नाही, त्याचा व्यस्त साठवला जातो. म्हणून जवळ प्रचंड अचूकता आणि लांब जवळपास काहीच नाही. क्लिप स्टार्ट, म्हणजे व्ह्यूची जवळची मर्यादा, १ सेंटीमीटर ठेवलंत तर बफरमधल्या सगळ्या पायऱ्यांपैकी निम्म्या पहिल्या आणि दुसऱ्या सेंटीमीटरच्या मध्येच संपतात. कॅमेऱ्याच्या नाकासमोरच्या त्या एका सेंटीमीटरमध्ये तुमच्या साइटचं काहीही नसतं.

२४ बिटांचा बफर धरून हिशेब असा. क्लिप स्टार्ट १ सेंटीमीटर असेल तर १०० मीटरवर दोन पृष्ठभागांत ६ सेंटीमीटरचं अंतर असल्याशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत, आणि ५०० मीटरवर दीड मीटरचं. तेच क्लिप स्टार्ट १ मीटर केलं की १०० मीटरवर ०.६ मिलिमीटर आणि ५०० मीटरवर दीड सेंटीमीटर. शंभरपट फरक, एका आकड्यात.

क्लिप एंडचं काय? जवळजवळ काही नाही. ते १,००० वरून १०,००० केलं तरी वरचे आकडे हलतसुद्धा नाहीत. लोक उलटंच करतात. अचूकता वाचवायची म्हणून क्लिप एंड कमी करतात, लांबच्या इमारती कापून टाकतात, आणि क्लिप स्टार्ट तसंच ठेवतात. साइटच्या मॉडेलसाठी एन पट्टीतल्या व्ह्यू टॅबमध्ये क्लिप स्टार्ट १ मीटर करा. खोलीच्या आतून पाहत असाल तर ०.१. आणि कॅमेऱ्याची क्लिप सेटिंग्ज वेगळी असतात, ती कॅमेरा निवडून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये बदलायची. व्ह्यूपोर्ट नीट आणि कॅमेऱ्यातून पाहिलं की मॉडेल कापलेलं, याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

क्लिप स्टार्टने सुटणारी चमचम आणि न सुटणारी चमचम यांतला फरक ओळखायची सोपी युक्ती: न्यूमपॅडवरचा ५ दाबून ऑर्थोग्राफिक व्ह्यूमध्ये जा. तिथे अंतर सरळ प्रमाणात साठवलं जातं. चमचम थांबली तर प्रश्न अचूकतेचा होता, क्लिप स्टार्ट वाढवा. तिथेही चालूच राहिली तर दोन पृष्ठभाग बहुधा अगदी एकाच पातळीत आहेत आणि जगातलं कुठलंही सेटिंग ते वेगळे करू शकत नाही. डीएक्सएफमध्ये एकाच जागी दोनदा काढलेला आराखडा, जमिनीवर नेमका बसवलेला प्लॉटचा पॉलिगॉन, दोन इमारतींची सामाईक भिंत. यातलं काहीतरी असतं. एकाच मेशमध्ये दुहेरी व्हर्टेक्स असतील तर मर्ज बाय डिस्टन्स काम करतं. दोन वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये असेल तर एक काढा, किंवा प्लॉटचा पॉलिगॉन दोन-तीन सेंटीमीटर वर उचला. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये रेंडर करूनही पडताळता येतं. ते किरण सोडून चित्र बनवतं, डेप्थ बफर वापरत नाही. रेंडर स्वच्छ आला तर दोष फक्त व्ह्यूपोर्टचा. रेंडरमध्येही काळे डाग आले तर पृष्ठभाग खरंच एकावर एक आहेत.

थ्री-जेएसमध्ये पर्स्पेक्टिव्ह कॅमेऱ्याचं मूळचं जवळचं अंतर ०.१ असतं, ते साइटसाठी १ करा. अगदीच जवळ आणि अगदीच लांब दोन्ही दाखवायचं असेल तर रेंडरर बनवताना लॉगरिदमिक डेप्थ बफरचा पर्याय चालू करता येतो. पण तो प्रत्येक पिक्सेलची खोली शेडरमध्ये (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) लिहितो, त्यामुळे लपलेले पिक्सेल आधीच गाळून टाकण्याची कार्डाची सोय जाते आणि जुन्या फोनवर ते जाणवतं. मटेरियलमधला पॉलिगॉन ऑफसेट, म्हणजे पृष्ठभागाची खोली किंचित सरकवणारं सेटिंग, रस्ता-जमिनीसारख्या जोडीला पुरतं. मोठी इंजिनं उलटा झेड वापरतात, म्हणजे लांबचं टोक शून्यावर ठेवतात. फ्लोट शून्याजवळ सर्वांत दाट असतो, आणि पर्स्पेक्टिव्हने लांब जे हिरावून घेतलं ते तो परत देतो. हिशेब मोठा सुंदर आहे, पण ब्लेंडर वापरणाऱ्याला त्यात हात घालायची गरज पडत नाही.

झूम अडकतो, व्ह्यू उडतो

ब्लेंडरचा व्ह्यू एका अदृश्य बिंदूभोवती फिरतो, आणि माउसच्या चाकाची प्रत्येक खूण त्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या ठरावीक हिश्शाने पुढे नेते. बिंदू जवळ आला की पावलं इतकी बारीक होतात की झूम अडकल्यासारखा वाटतो. उलट बिंदू पाचशे मीटर मागे राहिला असेल तर माउस किंचित हलवला तरी समोरची भिंत स्क्रीनबाहेर जाते. बिघडलं काहीच नाही, बिंदू चुकीच्या जागी आहे. हवी ती वस्तू निवडा आणि न्यूमपॅडवरचा डॉट दाबा, बिंदू तिथे येतो. लॅपटॉपला न्यूमपॅड नसेल तर टॅबच्या वरची बॅकटिकची कळ दाबा, गोल मेनूत व्ह्यू सिलेक्टेड सापडेल. ही एक सवय लावली तर निम्म्या तक्रारी संपतात.

कायमची सोय हवी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये नेव्हिगेशनखाली ऑटो डेप्थ आणि झूम टू माउस पोझिशन चालू करा. मोठ्या साइटवर गल्लीबोळांतून फिरायचं असेल तर मुळात ऑर्बिट, म्हणजे बिंदूभोवती फिरणं, वापरूच नका. शिफ्ट आणि बॅकटिक दाबून वॉक नेव्हिगेशनमध्ये जा, चाकाने वेग कमी-जास्त करा. क्षितिज तिरकं होऊन मॉडेल कलंडल्यासारखं वाटत असेल तर ऑर्बिटची पद्धत ट्रॅकबॉल झाली असेल. ती टर्नटेबल करा.

थ्री-जेएसच्या ऑर्बिटकंट्रोल्समध्ये तो बिंदू टार्गेट या नावाने उघड असतो आणि मुळात ०, ०, ० वर असतो. मॉडेल लोड झाल्यावर त्याच्या बाउंडिंग बॉक्सचा मध्य टार्गेटला द्या आणि अपडेट बोलवा. कमीत कमी अंतर कॅमेऱ्याच्या जवळच्या क्लिपपेक्षा थोडं जास्त ठेवा, म्हणजे झूम करता करता भिंत कापली जात नाही.

इमारत आतून दिसते आणि बाहेरच्या भिंती गायब, ही तक्रार याच यादीत येते, पण तिचा अंतराशी संबंध नाही. ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन चालू करा. बाहेरून लाल दिसणाऱ्या भिंतींचे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाची बाहेरची बाजू सांगणाऱ्या दिशा, उलटे आहेत. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन.

परत पाठवताना

काम संपल्यावर फाइल मूळ जागी मागितली जाते, कारण पुढच्या माणसाला ती सर्व्हेवर बसवायची असते. इथे ब्लेंडरमध्ये ३,७८,००० आणि २०,४८,००० मिळवून एक्स्पोर्ट करू नका. मिळवताच व्हर्टेक्स पुन्हा साडेबारा सेंटीमीटरच्या रेघांवर बसतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. सरकवलेलीच फाइल एक्स्पोर्ट करा, ती ऑटोकॅड किंवा क्यूजीआयएसमध्ये उघडा, आणि मिळवणी तिथे करा. समोरचा माणूसही ३२ बिटांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणार असेल तर मोठे आकडे त्याला देऊन काही साधत नाही. सरकवलेली फाइल आणि तो आकडा, दोन्ही पाठवा.